माळकरी घर, द्राक्षबाग आणि समुद्राची पदवी

'ताई, मी पिंपळगाव बसवंतची, वय २३. नाशिकला प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं. दीड वर्षापासून एका लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासायचं काम करते. कॅनडात हॅलिफॅक्सला "मास्टर ऑफ मरीन मॅनेजमेंट" हा सोळा महिन्यांचा कोर्स आहे, त्याला सप्टेंबरपासून प्रवेश मिळालाय. कॉलेज रोडच्या कन्सल्टंटने राहण्याखाण्यासकट ३५ लाख सांगितले. "पीआर नक्की", म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी नक्की, असंही म्हणाला. बागेवर बँक शैक्षणिक कर्ज देईना, त्यामुळे गावातलं घर तारण ठेवावं लागेल. अण्णा म्हणतात, आपला नि समुद्राचा संबंध काय? आत्या तर सगळीकडे सांगत सुटलीय की मी मर्चंट नेव्हीत चालले. घर माळकरी, अंडंसुद्धा आत येत नाही. मला पोहता येत नाही. समुद्र दोनदाच पाहिलाय, दोन्ही वेळा सहलीत. पण दोन वर्षं हेच डोक्यात आहे. जाऊ का?'
– अ., पिंपळगाव बसवंत

प्रिय अ.,

आधी आत्याचं मिटवू, ते सोपं आहे. मर्चंट नेव्ही म्हणजे जहाज चालवणं. मरीन इंजिनिअरिंग म्हणजे त्या जहाजाचं इंजिन. चेन्नईला मुख्यालय असलेल्या इंडियन मॅरिटाइम युनिव्हर्सिटीत एमबीए होतं, ते बंदर आणि शिपिंगच्या धंद्याचं. मरीन बायॉलॉजीत जीव शिकतात. तुझा कोर्स यातला एकही नाही. समुद्र आणि किनारा कोणी, कधी, किती आणि कशासाठी वापरायचा, हे ठरतं कसं आणि ठरल्यावर पाळलं जातं का, हा तुझा विषय. त्यात कायदा येतो, अर्थकारण येतं, मासेमारीचे नियम, नकाशे, थोडं जीवशास्त्र आणि बैठका. बैठका भरपूर. डॉल्फिनबरोबर पोहतानाचे फोटो कोर्सच्या जाहिरातीत असतात. नोकरीत मात्र प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात, बंद पडणारा माइक असतो आणि मागच्या रांगेतून उभी राहून बोलणारी एखादी बाई असते.

अशी एक बाई मला भेटली होती. नाशिकला येण्याआधी मी काही वर्षं किनारी प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल करणाऱ्या एका कंपनीत होते. पालघर जिल्ह्यातल्या एका गावात आमची बैठक होती. मी नकाशा लावला, सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, रंग दाखवले, भरतीरेषा दाखवली. सगळं देखणं होतं. मागून एक कोळीण उठली नि म्हणाली, 'ताई, यात आमची मासळी सुकवायची जागा कुठंय?' मी नकाशाकडे बघितलं. तिथे 'मोकळी जमीन' लिहिलं होतं. बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव पावसाळ्यात काढून ठेवतात, आणि आमची पाहणी झाली होती जुलैत. मोकळीच दिसणार. सीआरझेडच्या २०११ च्या अधिसूचनेत तर स्पष्ट लिहिलंय की कोळीवाडे, जेट्टी, बर्फाचे कारखाने, मासळी वाळवायच्या जागा हे सगळं किनारा व्यवस्थापनाच्या नकाशात दाखवायचं. मला ते कलम पाठ होतं. ती जागा मात्र दिसली नव्हती. त्या बाईला कलम माहीत नव्हतं, पण त्या जमिनीवर वर्षाचे आठ-नऊ महिने काय असतं हे तिला माहीत होतं. मरीन मॅनेजमेंट कशाला म्हणतात ते मला त्या दुपारी कळलं. तोवर माझ्याकडे त्यातली पदव्युत्तर पदवी होती बरं का.

म्हणून तुझ्या पोहण्याची मला काळजी नाही. लाइफ जॅकेट असतं. माळकरी असण्याचीही फारशी नाही. खाणं हा नोकरीचा भाग नाही. मी किनाऱ्यावर काही चांगले शाकाहारी अभ्यासक पाहिलेत आणि पापलेटवर ताव मारणारे काही टाकाऊ अभ्यासकही पाहिलेत. पण एक गोष्ट घरबसल्या कळत नाही. मासळी उतरते त्या धक्क्यावर पहाटे तीन तास उभं राहून, चिखल, बर्फाचं पाणी नि वास यांच्यात, समोरच्या माणसाशी सरळ चेहऱ्याने बोलता येतं का? नाक मुरडलेलं समोरच्याला लगेच कळतं, आणि मग तो 'सगळं चांगलं चाललंय' एवढंच सांगतो. ते जमतं की नाही हे हॅलिफॅक्सला जाऊन शोधायचं नसतं.

आता अण्णांचा प्रश्न. 'आपला नि समुद्राचा संबंध काय' हे वाक्य पिंपळगावच्या द्राक्षबागायतदाराने म्हणावं, याची मला गंमत वाटली. २०२४ चा हंगाम त्यांना आठवत असेलच. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला आणि युरोपला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जायला लागले. प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला, भाडं वाढलं, आणि पनेटमधल्या, म्हणजे निर्यातीच्या छोट्या प्लॅस्टिक डब्यातल्या, घडाच्या हिरव्या देठाची चिंता निफाड तालुक्यात रात्री जागवायला लागली. बागेत रेसिड्यूची, म्हणजे फवारणीच्या उरलेल्या अंशाची तपासणी, पॅकहाऊसला प्री-कूलिंग, मग रीफर म्हणजे थंड कंटेनर, मग न्हावा-शेवा बंदर. तिथून पुढचं सगळं समुद्रात. अण्णांचं वर्षाचं उत्पन्न दरवर्षी काही आठवडे समुद्रातच असतं. हे त्यांना वाद म्हणून सांगू नकोस. जेवताना सहज विचार, त्या वर्षी आपला माल किती दिवसांनी पोचला होता? पुढचं तेच बोलतील.

आणि पाण्याचंही सांगते, कारण तू पाणीच तपासतेस. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते तिथून अरबी समुद्र ८० किलोमीटरवर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरातून वैतरणा निघते आणि पश्चिमेला अर्नाळ्याकडे जाते. म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं सांडपाणी दोन समुद्रांना पोचतं. नाशिकच्या मुलीने समुद्राचा अभ्यास करायला कुणाची परवानगी घ्यायची गरज नाही.

आता पैसा, कारण तारण घराचं आहे.

कोर्स खोटा नाही, हे आधी सांगते. हॅलिफॅक्स आणि सोळा महिने म्हणतेस म्हणजे डलहौसी विद्यापीठ. त्यांचा हा अभ्यासक्रम नावाजलेला आहे. वर्गातला भाग, मग इंटर्नशिप, शेवटी स्वतःचा प्रकल्प. वर्गात वकील असतो, कोस्ट गार्डमधला असतो, मच्छीमाराच्या घरातली मुलगी असते, आणि खरं शिक्षण बरंचसं त्यांच्यातल्या भांडणातून होतं. मास्टर्सनंतर तिथे तीन वर्षांपर्यंत काम करायची परवानगी मिळू शकते, हेही खरं. पण 'पीआर नक्की' हे वाक्य कुणीही उच्चारू शकत नाही. पीआर गुणांवर मिळतो, गुणांची रेषा वर-खाली होते, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांचे नियम कितीदा बदलले ते बातम्यांत वाचलंच असशील. त्या वाक्यावर घर ठेवू नकोस.

३५ लाख, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत असं धर. हप्ता महिन्याला ४७ हजारांच्या आसपास येतो. शिकत असताना चढणारं व्याज वेगळं. पूर्ण रक्कम उचलल्यावर तेच महिन्याला तीस हजारांच्या वर जातं. तिथे नोकरी लागली तर हे झेपतं. सोळा महिन्यांनी परत यावं लागलं तर? भारतात 'मरीन मॅनेजर' नावाचं सरकारी पद नाही. मत्स्यव्यवसाय खात्याच्या बऱ्याच पदांना मत्स्यविज्ञानाचीच पदवी मागतात. कामं आहेत ती अशी : चेन्नईचं राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्र, आपल्या वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि त्याचं प्रतिष्ठान, बंदरांचे पर्यावरण विभाग, अहवाल करणाऱ्या कंपन्या, काही स्वयंसेवी संस्था. काम मनापासून आवडेल असं. पण बरीचशी कंत्राटी, प्रकल्प संपला की खुर्ची संपली. सुरुवातीच्या पगारातून सत्तेचाळीस हजार वेगळे काढता येतील, असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

तेव्हा माझं उत्तर : जा, पण या सप्टेंबरला नको. विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला मेल टाकून विचार की ऑफर एक वर्ष पुढे ढकलता येईल का. बऱ्याच ठिकाणी येते. त्याच मेलमध्ये विचार की शिष्यवृत्ती किंवा सहायकाचं काम मिळायला काय लागतं. 'नाही' आलं तर पुन्हा अर्ज कर. एकदा निवडलेला माणूस वर्षभर किनाऱ्यावर काम करून आला तर त्याचा अर्ज हलका होत नाही.

कारण तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही. 'हेच डोक्यात आहे' म्हणतेस. नेमकं काय, ते लिहिलं नाहीस. मरीन मॅनेजमेंट हे नाव डोक्यात आहे की एखादा प्रश्न? या कोर्सला जे प्रश्न घेऊन जातात त्यांचा प्रकल्प त्यांना पुढची नोकरी देतो. नाव घेऊन गेलेले सोळा महिने छान निबंध लिहितात. मी दुसऱ्यांतली होते, म्हणून सांगते.

प्रश्न म्हणजे कसा, ते एकावरून दाखवते. २०२३ च्या सप्टेंबरात पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. त्याच सुमारास सरकारने ५४ प्रकारच्या मासळीला किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. कागदावर किती सोपं! लहान पापलेट पकडलं गेलं तर त्याला अंडी घालायची संधीच मिळत नाही, पुढच्या वर्षी जाळं रिकामं येतं. आता धक्क्यावर ये. जाळं वर आलं तेव्हा त्यातलं लहान पापलेट मेलेलंच होतं. परत पाण्यात टाकून जगणार नाही. मग नियम माशाच्या लांबीचा हवा की जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाच्या मापाचा? जाळं बदलायचा खर्च कोणी करायचा? शेजारच्या गावाने बदललं नाही तर? आणि ताटात पूर्ण मावेल असं छोटं पापलेट मागणारं हॉटेल मुंबई-नाशकात असेल तर तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, दोष किती द्यायचा? दंड करणारा माणूस कुठल्या धक्क्यावर उभा राहणार, आणि पहाटे किती वाजता? यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक प्रकल्प आहे. असे पुष्कळ आहेत. पर्ससीन, म्हणजे अख्खा थवा वेढणारं मोठं जाळं वापरणारे, आणि पारंपरिक मच्छीमार यांचं भांडण आहे. एलईडी लावून केलेल्या मासेमारीवर बंदी आहे, तरी समुद्रात रात्री दिवाळी दिसल्याच्या तक्रारी आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आणि तिथल्या मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला, तो का? डहाणूजवळच्या वाढवण बंदराला २०२४ च्या जूनमध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, खर्चाचा आकडा ७६,२२० कोटी. ते तर आपल्यापासून जव्हारचा घाट उतरलं की आलंच. बंदर झालं तर पिंपळगावच्या द्राक्षांना जवळ पडेल, आणि डहाणूच्या मच्छीमाराचं मासेमारीचं क्षेत्र जाईल. तुझ्या घरात बसून दोन्ही बाजू दिसतात, ही जागा सगळ्यांना मिळत नाही.

वर्ष कसं काढायचं? लॅब लगेच सोडू नकोस. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात. माणसांना बोलायला वेळ असतो, पण बघायला काही नसतं. ऑगस्टपासून हंगाम. कोकणात नोव्हेंबरपासून कासवांची अंडी सुरू होतात. वेळास, आंजर्ले अशा गावांत संवर्धनाच्या कामाला हात लागतात, तिथे महिना-दोन महिने मिळाले तर घे. कांदळवन प्रतिष्ठानाच्या जाहिराती पाहत राहा. सागरी विषयांत परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी त्यांच्यामार्फत शिष्यवृत्तीची योजनाही राज्याने आणली होती. तिची पुढची जाहिरात कधी, हे त्यांच्या कार्यालयात जाऊन विचार. फोनवर कुणी नीट सांगत नाही, निदान मला तरी कधी सांगितलं नाही.

आणि रविवारी नांदूरमध्यमेश्वरला जा. तुझ्याच तालुक्यात आहे, शाळेच्या सहलीत पक्षी बघून आली असशील. या वेळी पक्षी बघू नकोस. गोदावरी आणि कादवेचा संगम, त्यावरचा बंधारा, २०२० साली राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ. पाणी पाटबंधाऱ्याचं, पक्षी वनखात्याचे, काठची शेती शेतकऱ्याची, आणि वरून येणारं नाशिक शहराचं पाणी कुणाचंच नाही. एका वहीत लिहून काढ : इथे कोण काय वापरतं, कोणाचं कोणाशी अडतं, आणि अडलं की कोणाकडे जातात. तुझ्या कोर्सची ही पहिल्या सत्राची घरची तयारी, आणि तिचे पैसे पडत नाहीत.

या वर्षात बाकीचे दरवाजेही वाजवून बघ. युरोपात इरास्मस मुंडस या युरोपीय संघाच्या शिष्यवृत्ती योजनेतला 'इम्बरसी' नावाचा सागरी जीवसंपदेचा दोन वर्षांचा कोर्स आहे, बेल्जियममधलं गेन्ट विद्यापीठ त्याचं समन्वयक. शिष्यवृत्ती मिळाली तर फी नाही आणि महिन्याला १४०० युरो हातात. स्पर्धा जबर आहे, पण प्राणिशास्त्रवालीला पायाच तो आहे. स्वीडनमध्ये माल्मोला वर्ल्ड मॅरिटाइम युनिव्हर्सिटी आहे, १९८३ पासून. तिथे नोकरीचा अनुभव असलेले लोक जास्त जातात, तो दरवाजा पाच वर्षांनी वाजव. भारतातच शिकायचं तर गोवा विद्यापीठ आणि कोचीचं कुसॅट विद्यापीठ, दोन्हीकडे सागरी विज्ञान चांगलं आहे, आणि गोव्यात दोना पावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, शेजारी आहे. त्यात व्यवस्थापन कमी, विज्ञान जास्त. पण फीमध्ये घर जात नाही. वर्सोव्याच्या सीआयएफईचं, म्हणजे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं, नाव कुणीतरी सुचवेल. तिथल्या एम.एफ.एस्सी.ला, म्हणजे मत्स्यविज्ञानाच्या मास्टर्सला, मत्स्यविज्ञानाची पदवी लागते, तुझ्या बी.एस्सी.वर तो रस्ता नाही, उगाच फॉर्म भरू नकोस.

एक शेवटचं काम, आणि ते अण्णांना बरोबर घेऊन कर. ऑगस्टअखेर छाटणी सुरू व्हायच्या आत त्यांच्याकडे दोन दिवस निघतात. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत पालघरला उतरा आणि सातपाटीला जा. पापलेटसाठी नावाजलेलं गाव, आणि मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्या तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आल्यात. अण्णांनी माळ घातलेली असली तरी धक्क्यावर उभं राहायला त्यांना कुणी अडवणार नाही. टोपल्या उतरतात, लहान-मोठं वेगळं होतं, वजन होतं, दर लागतो, आणि मधेच कुणीतरी म्हणतं की यंदा डिझेलनेच खाल्लं. तू वही काढून बस. मधे बोलू नकोस. प्रतवारी, दर, सोसायटी, कर्ज, हवामान यांतलं काहीही अण्णांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. तासाभरात ते कुठल्या तरी तांडेलाशी बोलायला लागलेले असतील, आणि तुला लागणारा प्रश्न बहुतेक तेच विचारतील. तो लिहून घे.

ऑफर पुढे ढकलायची मेल मात्र ऑगस्टची वाट बघत ठेवू नकोस, याच आठवड्यात टाक.

– तुझी ताई